साठ, समीक्षक आणि गोदीची गाय

प्रेमकथा वाचून माणूस बिघडतो की नाही, मला ठाऊक नाही. आंब्याचं साठ मात्र बिघडतं. उत्तम साहित्य वाचूनही बिघडतं. दोन्ही मी माझ्या खळ्यात बघितलं आहे, म्हणून सांगते.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचा वैशाख असेल. आमच्या सुमनचं लग्न होऊन पहिलाच उन्हाळा. सासर चिपळूणचं. जावई, विनायकराव, तिथे कॉलेजात मराठी शिकवायचे आणि मासिकांतून लोकांच्या पुस्तकांच्या चुका काढायचे. (याला समीक्षा म्हणतात. आमच्या वाडीत याला दुसरं नाव आहे.) लग्नात विहीणबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "सुमनच्या आईच्या हातचं साठ फार नावाजलेलं म्हणे. बघू हं आम्ही!"

ते "बघू हं" माझ्या डोक्यात काट्यासारखं रुतून बसलं. लेक-जावई राहायला आले होते आणि रविवारी विहीणबाई त्यांना न्यायला यायच्या होत्या. त्यांच्या हातात साठाचा डबा ठेवायचा आणि मग त्यांचं तोंड बघायचं, एवढंच माझं त्या वर्षीचं ध्येय!

साठाला अक्कल लागत नाही, राखण लागते. हापूसचा रस तूप लावलेल्या ताटांत पसरून उन्हात ठेवायचा, सुकला की वर आणखी रस, असे चार-पाच दिवस. तोवर पडवीच्या सावलीत काठी घेऊन कावळे हाकायचे. नुसतं बसून माणूस वेडं होईल, म्हणून मी नाक्यावरच्या दुकानातून भाड्याने कादंबऱ्या आणायची. शिकले चौथीपर्यंत, पण तेवढ्या शिक्षणात प्रेम समजतं.

त्या दिवशीच्या पुस्तकावर केस उडालेली बाई होती आणि तिच्यामागे मोटारसायकलवर मिशीवाला. विनायकरावांनी ते दोन बोटांत धरून उचललं, मेलेली पाल उचलावी तसं.

"आई, तुम्ही हे वाचता?"

"वाचते कसली? कावळे हाकते. मध्ये मध्ये डोळा जातो."

"अहो, साहित्यमूल्य शून्य! नायक श्रीमंत, नायिका गरीब, मध्ये गैरसमज, शेवटी लग्न!"

"मग तुमच्या चांगल्या पुस्तकात शेवटी काय होतं?"

"काहीच होत नाही. जीवनासारखंच!"

"काहीच होत नाही त्याला एवढी पानं कशाला?"

आतून सुमन ओरडली, "आई, गप बस गो! जावई आहेत ते."

"जावई आहेत म्हणूनच हळू बोलतेय!"

विनायकरावांनी पिशवीतून विटेएवढी कादंबरी काढली. "याची वीस पानं वाचा, मग बोलू." जावयाचा शब्द मोडायचा कसा? वाचायला घेतली. पहिल्या पानावर एक माणूस खिडकीत बसला होता. दहाव्या पानावर त्याला लहानपण आठवलं, तेही खिडकीतच. विसाव्या पानावर उठावं की काय असं त्याच्या मनात आलं. म्हटलं, आता उठेल मेला! तो उठला नाही. मी आडवी झाले.

जाग आली ती सुमनच्या किंकाळीने. दोन ताटांवर कावळ्यांची सभा भरली होती. एक तर साठावरून शतपावली घालत होता!

"बघितलंत?" मी म्हटलं. "मोटारसायकलवाल्याने माझा डोळा कधी लागू दिला नव्हता!"

"गुंगवणं हा काही साहित्यगुण नव्हे, आई," विनायकराव म्हणाले. "द्या ती काठी. राखण मी करतो. आणि तुमच्या त्या पुस्तकातला एकेक दोष पेन्सिलीने खूण करून दाखवतो."

जावयाला राखणीला बसवणं बरं दिसत नाही, पण दोष बघायची मलाही हौस. मी आत कुयरी चिरायला बसले. (कुयरी म्हणजे कोवळा फणस. जावयासाठी भाजी.) थोडा वेळ पेन्सिलीचा आवाज खरखर येत होता. मग थांबला. म्हटलं, दोष संपले वाटतं.

इतक्यात आमचे हे मिरकरवाड्याच्या बंदरावरून सरंगा मासा घेऊन आले आणि फाटक उघडंच टाकून थेट न्हाणीकडे गेले. त्यांच्यामागून कोण आलं ते मी बाहेर येईपर्यंत कोणालाच कळलं नाही. आमच्या शेजारणीची, गोदीची गाय डोळे मिटून शेवटचं ताट चाटत होती. बाकीची ताटं घासल्यासारखी लख्ख! आणि हातभर अंतरावर आमचे समीक्षक, मांडीवर काठी, नाकाला पुस्तक.

"अहो विनायकराव! गाय!"

त्यांनी हात वर केला. "थांबा आई. ती एस.टी.त बसलीय आणि त्याला ठाऊकच नाही."

"अहो, माझं साठ!"

गाईने ताट उलटं केलं, तेव्हा ते दचकून उठले. पण बोट पानात तसंच!

रविवारी विहीणबाई आल्या. चहा घेतला आणि म्हणाल्या, "हं, कुठे आहे ते साठ?"

"गाईने खाल्लं."

"राखणीला कोण होतं?"

"मी," विनायकराव पुटपुटले. "वाचत होतो."

"काय वाचत होतास एवढं?"

आता आली का पंचाईत! आपला मुलगा हलक्या पुस्तकाला शिवत नाही, असं या बाईने अख्ख्या चिपळुणात सांगितलेलं. जावयाची फजिती मला चालली असती, पण त्याची बोलणी वर्षभर सुमनने खाल्ली असती. मी ती वीट पुढे केली. "हे! मीसुद्धा हे वाचताना कावळ्यांना विसरले." (हे तर खरंच होतं.)

"असं आहे तरी काय त्यात?"

काय असणार? खिडकी! मग मी धडधडीत दुसरीच गोष्ट सांगायला लागले. गरीब मुलगी, श्रीमंत मुलगा, मोटारसायकल, गैरसमज. विहीणबाई खुर्ची ओढून जवळ आल्या. आमचे हेसुद्धा दारात उभे राहिले. मुलगी एस.टी.त बसली आणि मी थांबले. माझं वाचन तिथवरच झालं होतं.

"मग?" विहीणबाई म्हणाल्या.

जमिनीकडे बघत विनायकराव म्हणाले, "तो घाटात गाडी अडवतो."

"आणि?"

"लग्न."

विहीणबाईंनी डोळे पुसले. "याला म्हणतात साहित्य! नाहीतर त्या भिकार प्रेमकथा!" आणि साठासाठी आणलेल्या पिशवीत त्यांनी ती वीट घातली.

गणपतीत आल्या तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "विहीणबाई, अर्धं पुस्तक संपलं हो, तो मेला अजून खिडकीतच! मुलगी कुठे आहे?"

"पुढे आहे," मी म्हटलं. "अशी पुस्तकं सावकाश वाचायची असतात."

त्यांना ते इतकं पटलं, की "आमच्या विहीणबाई चौथी शिकलेल्या, पण साहित्याची जाण बघा!" असं त्या चिपळूणभर सांगत सुटल्या. पुढच्या वैशाखात मी पुस्तकाला हात न लावता साठ घातलं, डोळ्यात तेल घालून राखलं, डबा भरून पाठवला. डबा तसाच परत आला. विहीणबाईंना डॉक्टरने गोड बंद केलं होतं. सोबत माझ्यासाठी एक नवी वीट होती.

तेव्हा चिपळुणात माझं नाव झालं ते न वाचलेल्या पुस्तकावर. त्या पहिल्या वर्षीच्या साठाचं विचाराल, तर ते कसं झालं होतं ते एकट्या गोदीच्या गाईला ठाऊक, आणि ती काही मासिकात लिहीत नाही!