झांजेखालचा दम

विंझरच्या रत्नाला ड्रम कुणी शिकवला नाही. वडील आनंदराव जयंतीच्या मिरवणुकीत ताशा वाजवायचे. त्यांच्या काड्यांकडे बघत बघत तिचा हात तयार झाला. दिवसा ती पिठाची गिरणी चालवते. पट्टा तसूभर सरकला तरी तिला आवाजावरून कळतं. असा कान आमच्या खोऱ्यात दुसरा नाही, हे मी लिहून देतो.

ती, गिटारवाला प्रेम आणि गाणारा अजित, असा तिघांचा रॉक बँड होता. नाव 'कातळ'. आजीचं गाव धरणाखाली गेलं, त्यावर रत्नाने एक गाणं रचलं. शेवटचं कडवं अजित एका दमात म्हणायचा आणि माणसं शिट्ट्या मारायची. खरं काय ते फक्त रत्नाला ठाऊक. तिसऱ्या ओळीला अजितचा दम सरायचा. तिथं ती पितळी झांज अशी हाणायची की त्याचं श्वास ओढणं त्या आवाजाखाली झाकून जायचं. सहा वर्षं झाकलं.

मग प्रेम स्वतःची गाणी करायला पुण्याला गेला. अजितने हेच गाणं एकट्याने मोबाईलवर सोडलं. गीत, संगीत, गायन : अजित. ड्रम यंत्राचे.

"माजं नाव कुठं हाय रं?" रत्नाने विचारलं.

"अगं, सोलो म्हंजी एकट्याचंच असतंय."

त्या दिवशी तिच्या गिरणीतलं पीठ लई बारीक निघालं.

पुढे पासलीच्या जत्रेचं बोलावणं आलं. गावाची अट होती, ड्रम खरा पाहिजे. अजित गिरणीत आला.

"रत्ने, ह्या बारीला ये. गाण्याआधी तुजं नाव घेतो. शप्पत."

"घे. मग मीबी नीट वाजवीन."

जत्रेत अजित माईकवर म्हणाला, "आता माझं स्वतःचं गाणं!"

रत्नाने मान खाली घातली आणि वाजवू लागली. म्हाताऱ्याही डोलायला लागल्या. शेवटचं कडवं आलं. तिसरी ओळ आली. रत्नाने दोन्ही काड्या मांडीवर ठेवल्या.

फुटक्या भात्यासारखा तो श्वास कर्ण्यातून अख्ख्या पासलीने ऐकला.

"आगं बया," पुढे बसलेली बनाबाई म्हणाली, "ह्यो तर मधीच दम खातोय!"

हशा पिकला. अजित मागे वळला. "झांज हाण की!" तेही माईकमध्ये गेलं.

"सोलो हाय न्हवं?" रत्ना म्हणाली. "घे की दम. एकट्यानं."

झांज सोडवून काखेत मारली आणि ती मंडपातून चालत बाहेर पडली.

सकाळी अजितचा फोन आला. "तुजं नाव घालतो, रत्ने."

"घाल," ती म्हणाली. "झांज मातर न्हाई मिळायची."