कॅलेंडरवरची अक्का

ज्या सकाळी मी कॅनडाला जायला कोल्हापूर सोडलं, त्या सकाळी स्टेशनवर माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. नवरा पुढं गेला होता, मी एकटी निघाले होते, आणि मला पोचवायला माझी थोरली बहीण, अक्का, मुद्दाम मुंबईहून आली होती. काळा गॉगल, आकाशी शिफॉनची साडी. फलाटावर तिच्याभोवती गर्दी झाली. हमालसुद्धा माझी बॅग खाली ठेवून तिकडं गेला. आईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "चिडू नगं बाई. लोकास्नी काय कळतंय." गाडी हलली तेव्हा मी रडत होते. घर सुटतंय म्हणून रडते, असं सगळ्यांना वाटलं. खरं म्हणजे मी रागानं रडत होते.

आमचं घर शिवाजी पेठेत. दादा, म्हणजे आमचे वडील, सोन्याचे साज घडवायचे. मी सतरा वर्षांची असताना एक फोटोग्राफर कॅलेंडरसाठी साज बघायला आला. गळ्यात कसा दिसतो ते दाखवायला दादांनी मला पुढं बसवलं. त्यानं साज बघितला, मला बघितलं आणि म्हणाला, "थोरली हाय न्हवं तुम्हाला? तिला बोलवा की जरा." दादांनी माझ्या गळ्यातला साज काढून शालनअक्काच्या गळ्यात घातला.

त्या वर्षी कमरेवर घागर घेतलेली, मान वळवून हसणारी अक्का किराणा दुकानांत, सलूनमध्ये, गुऱ्हाळांत लटकली. वर्ष संपलं तरी लोकांनी ती उतरवली नाही. तारखांचे कागद फाडले, अक्का ठेवली. मग साबण आला, केसांचं तेल आलं, मग मुंबई आणि सिनेमा. आधी नायिकेची मैत्रीण, दोन-तीनदा नायिका, मग वहिनी, मग आई. ती फार देखणी होती असं नाही. गोरी मी जास्त होते, हे आईसुद्धा कबूल करायची. पण अक्का हसली की बघणाऱ्याला वाटायचं, ही मला ओळखते. मी ते हसू आरशापुढं पुष्कळ घोटलं. जमलं नाही.

टोरांटोतल्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही एका बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत होतो. एका रविवारी चहा पिताना नवरा सहज म्हणाला, "होस्टेलच्या खोलीत माझ्याकडं तुझ्या बहिणीचं कॅलेंडर होतं. तिचीच बहीण म्हटल्यावर स्थळाला मी लगेच हो म्हणालो." तो हसत होता. माणूस मनानं चांगला होता, पण मी जॅकेट चढवून बर्फात चालत सुटले. पाय बधिर झाल्यावर परतले. त्यानंतर अक्काला पत्र लिहिणं मी बंद केलं.

दादा गेले, आणि काही वर्षांनी आईला अर्धांगवायू झाला. मी तिकीट काढते, काढते म्हणत राहिले. मुलांची शाळा, बँकेतली नोकरी, सुट्टी. अक्कानं सिनेमे सोडले, मुंबईचा फ्लॅट बंद केला आणि नऊ वर्षं आईला अंघोळ घातली, भरवलं. मी फोनवर विचारायची, "आई, काही पाठवू का?" जड झालेल्या जिभेनं ती म्हणायची, "काय नगं. शालन हाय." हा हेवा सगळ्यांत वाईट होता. कारण या वेळी अक्कानं माझ्याकडून काही घेतलं नव्हतं. ती जागा मीच रिकामी सोडली होती.

आई गेली, पुढं नवराही गेला, आणि यंदा मी महिनाभरासाठी कोल्हापूरला आले. अक्का सत्तरीपार, केस पांढरे, हातात काठी. दोघी मटार सोलत बसलो होतो, तेव्हा तोंडून निघून गेलं, "अक्का, मला जन्मभर तुझा हेवा वाटला."

तिनं मानही वर केली नाही. "ठावं हाय मला. तुझं तोंड कधी लपलंय?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? पत्र तू लिवत न्हवतीस, फोन आईला करायचीस. जळत हुतीस म्हंजे माझी आठवण तरी काढत हुतीस की."

मी सोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी मंडईत भाजीवालीनं अक्काला घरच्यासारखी हाक मारली आणि माझ्याकडं वळून विचारलं, "पावणं कुठलं म्हणायचं?" मी पेठेत जन्मले, हे सांगायला तोंड उघडलं. अक्का आधी बोलली, "पावणं न्हाय. माझी धाकटी हाय. हितलीच हाय."

तुम्ही जे इथं राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून गेलात, दोघांनाही सांगते. माझ्याच गावात माझी ओळख अक्काच्या तोंडून होते, आणि ते मला आजही खुपतं. पण मी इथली आहे असं छातीठोक सांगणारं दुसरं माणूस आता उरलेलं नाही. जिथं ती आहे, तेच माझं घर. परतीची तारीख मी दोनदा पुढं ढकलली आहे. सकाळी अक्का मंडईची पिशवी शोधत असते, तेव्हा मी चपला घालून दारात उभी असते.