देवराईतली फांदी

नाताळच्या सुट्टीत आम्ही डोंगरातलं एक कौलारू घर भाड्याने घेतलं होतं. सकाळी माझा नवरा फिरून आला तो खांद्यावर हिरवीगार फांदी घेऊनच. नाताळचं झाड म्हणून आम्ही ती बादलीत उभी केली, चांदण्या लावल्या. तेवढ्यात घराच्या मालकीणबाई, सखूमावशी, चहा घेऊन आल्या आणि दारातच थिजल्या.

"सायेब, ही कुठनं तोडलीसा?"

"त्या वरच्या झाडीतून."

ती देवराई होती, देवाचं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा गावात कुणी चुलीला आणत नाही. मावशींनी हे सांगितलं आणि माझ्या हातातली चांदणी हातातच राहिली. शहरात आमच्या रस्त्यावरची केवढाली झाडं रुंदीकरणात गेली. तेव्हा कुणाचा चेहरा मावशींसारखा पांढरा पडला होता?

मावशी रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. एकेक चांदणी सोडवून त्या आम्हाला वर घेऊन गेल्या. तोडल्या जागी झाड अजून ओलं होतं. त्याच्याच बुंध्याशी त्यांनी फांदी टेकवली. मग माझ्या पिकल्या केसांच्या नवऱ्याकडे बोट दाखवून झाडाला म्हणाल्या, "लेकरू हाय. चुकलं, पोटात घाल."