चाळीस दिवसांचं पथ्य

दहिसर नदीच्या काठी आता बावीस मजल्यांचे दोन टॉवर उभे आहेत. खाली कारंजं आहे, त्यात पाणी नाही. त्याच जागी एके काळी कॉस्मसची भाजीची वाडी होती. लाल माठ, मुळा, पडवळ आणि कुंपणावर दुधीचे वेल. वाडीत राबायचा कॉस्मस आणि डोक्यावर पाटी घेऊन बोरिवलीच्या बाजारात चालत जायची त्याची बायको ग्रेस. जुडीचा भाव विचारून कोणी नुसताच पुढे गेला, तर त्याच्या सात पिढ्यांची खबर घेणारी ही बाई. फणसाएवढी पाटी एका झटक्यात डोक्यावर चढवायची आणि तोंड असं की गावठाणात सगळे टरकून असत. सगळ्यांत जास्त कॉस्मस.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एकदा ती बाजारातून पोट धरूनच घरी आली. तिसरा महिना होता. मूल गेलं. कॉस्मस दोन दिवस खाटेच्या पायथ्याशी नुसता बसून होता. तिसऱ्या दिवशी उठला आणि स्टेशनजवळच्या बेकरीतून एक क्रीमरोल घेऊन आला, कागदात गुंडाळून. दुसरं काय करावं ते त्याला सुचलंच नाही. ग्रेसने रडत रडत तो खाल्ला, बोटाला लागलेलं क्रीम चाटलं आणि किंचित हसली.

त्या हसण्याने पुढे घात केला. बायकोला गोड आवडतं, हे कॉस्मसने त्या दिवशी मनात पक्कं करून टाकलं आणि नंतर कधी तपासून पाहिलं नाही. त्याच वेळी त्याने तिला शब्दही दिला, "एक दिवस तुला अशी बसवीन ना ग्रेस, इकडची काडी तिकडे करायला लागणार नाही."

पुढे मुलगी झाली, ॲनेट. ती शिकली, लग्न होऊन मुलुंडला गेली. नदीचं पाणी काळं झालं, माठाला वास यायला लागला, आणि एक दिवस बिल्डर दारात येऊन उभा राहिला. सगळ्या गावठाणाने दिलं तसं कॉस्मसनेही दिलं. बदल्यात चौदाव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. खिडकीतून खाडीपर्यंतचं दिसतं, फक्त जमीन दिसत नाही, त्यासाठी वाकून बघावं लागतं.

शब्द पाळायची वेळ आली होती, आणि कॉस्मसने तो असा पाळला की विचारू नका. झाडूपोछाला बाई लावली. धुण्याला मशीन. तांदळाच्या भाकऱ्या भाजायची मातीची खापरी माळ्यावर गेली आणि पाव दारात यायला लागला. ग्रेस सुरुवातीला चिडायची. लिफ्टने खाली जाऊन सोसायटीच्या बागेत मेथी पेरून आली, तर सेक्रेटरीचं पत्र आलं. मग तीही सोफ्यावर बसली. बसली ती बसलीच.

संध्याकाळी पाचला क्रीमरोल. तो नाही तर पेस्ट्री, नाही तर थंडगार आंब्याचं सरबत म्हणून बाटलीत जे काही मिळतं ते. आधी कॉस्मस स्वतः जाऊन आणायचा. मग ॲनेटच्या नवऱ्याने त्याच्या फोनवर ते दहा मिनिटांत घरी आणून देणारं ॲप टाकून दिलं, आणि वेलावर दुधी धरायची दोन-दोन महिने वाट बघणारा हा माणूस, दहाची बारा मिनिटं झाली की येरझाऱ्या घालायला लागला. बेल वाजली की दाराकडे असा धावायचा, जणू घरी पाहुणे आलेत. बशीत काढून, चमचा लावून ग्रेसच्या हातात द्यायचा आणि समोर बसून तिच्याकडे बघत राहायचा. ती खायची. संपलं की तो विचारायचा, "बरा होता ना?" ती म्हणायची, "झकास."

गावठाणातले सगळेच असे वर चढून बसले होते. पूर्वी ओट्यावर बसून बायका एकमेकींना मसाल्याचं प्रमाण सांगायच्या. आता लिफ्टमध्ये भेटल्या की साखरेचे आकडे सांगतात. हिची दोनशे दहा, तिची एकशे नव्वद. एकाच वाडीत उन्हातान्हात वाकून काम केलेली ही माणसं, पन्नाशीपर्यंत ज्यांना डॉक्टरचं दार माहीत नव्हतं, ती आता गोळ्यांचे डबे वारांप्रमाणे भरून ठेवतात, आणि वर प्रत्येकाच्या फ्रिजमध्ये बाटल्या गार होत असतात. ह्याला प्रगती म्हणायचं असेल तर म्हणावं. मला तर राग येतो.

ग्रेसलाही साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. कॉस्मसने काय करावं? पाकिटावर हिरवं पान छापलेली डायबेटिसची बिस्किटं आणली. चार दिवसांनी क्रीमरोल परत आला, "अर्धाच गो, अर्ध्याने काय होतंय" म्हणत. पुढच्या आठवड्यात उरलेला अर्धाही आला. ॲनेट फोनवर ओरडायची, "पप्पा, तू मारशील तिला!" कॉस्मस म्हणायचा, "आयुष्यभर पाटी वाहिली तिने. एवढं सुख तरी खाऊ दे की."

गेल्या वर्षी जानेवारीत ग्रेसच्या उजव्या अंगठ्याला चप्पल लागली. साधा फोड. तिला कळलाही नाही, पायाची जाणीवच कमी झाली होती. मोजा ओला दिसला तेव्हा कळलं. महिना झाला तरी जखम भरेना. बोरिवलीच्या डॉक्टरबाईंनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, "साखर उतरली नाही तर अंगठा जाईल. मग पाऊल. मग माझ्या हातात काही राहणार नाही. गोड बंद, म्हणजे अगदी बंद."

त्याच आठवड्यात राखेचा बुधवार आला. गावठाणातल्या ह्या ख्रिस्ती लोकांची रीत अशी की ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस प्रत्येकाने देवासाठी काहीतरी सोडायचं. कोणी मटण सोडतं, कोणी दारू, पोरं मोबाइलवरचा गेम सोडतात आणि दोन दिवसांत परत धरतात. देवळातून कपाळाला राख लावून आल्या आल्या ग्रेस म्हणाली, "मी गोड सोडलंय. देवासमोर बोलून आलेय. आता तू मध्ये पडू नकोस."

कॉस्मसला वाटलं, ही काय टिकणार? पण ग्रेस टिकली. पाच वाजले की बिनसाखरेचा चहा प्यायची आणि खिडकीत बसायची. कॉस्मस तळमळायचा. तिच्यासाठी जीव तुटायचा त्याचा. दोनदा त्याने ॲप उघडून क्रीमरोलवर बोट ठेवलं आणि देवाच्या भीतीने काढून घेतलं. तिने मात्र एकदाही मागितलं नाही. चुकूनसुद्धा नाही. त्याला त्याचं फार नवल वाटायचं. बिचारी किती सहन करते, म्हणायचा.

साखर उतरत गेली. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारपर्यंत जखमेवर खपली धरली. डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या. "काय जादू केलीत? आता हेच चालू ठेवा. सणाबिणाचं मनावर घेऊ नका."

आता आली का पंचाईत. देवासाठी सोडलेलं ईस्टरला सुटणार. कॉस्मसने डोकं लढवलं आणि फादरना गाठलं. देवळामागच्या अंगणात, हातातली टोपी चुरगाळत त्याने विचारलं, "फादर, ह्या वर्षीचा उपास जरा वाढवता येईल का? फक्त ग्रेसचा?"

फादर हसायला लागले. मग त्याचा चेहरा बघून थांबले. म्हणाले, "कॉस्मस, उपास मी कशाला वाढवू? तू फक्त घरी काही आणू नकोस."

एवढं सोपं होतं. कॉस्मसने मान हलवली, आणणार नाही म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

ईस्टरच्या सकाळी देवळातली मिस्सा, म्हणजे सणाची प्रार्थना, संपली. देवळाच्या दाराशी सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते, पोरांच्या हातात मार्झिपानची, काजू-साखरेची अंडी होती. ग्रेस ठेवणीतला निळा झगा घालून एका कडेला उभी होती, आणि कॉस्मसला ती फार थकलेली दिसली. एकटीच जणू अजून उपाशी. त्याला ते बघवेना. घरी आल्यावर दहा मिनिटांत बेल वाजली.

बशी तिच्यासमोर ठेवून तो म्हणाला, "चाळीस दिवस देवाला दिलेस. आजचा एक दिवस तुझा."

ग्रेसने बशीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ. कॉस्मसला वाटलं, आनंदाने हिला बोलवत नाही. तिने चमचा उचलला.

एक दिवस म्हणता म्हणता पाच वाजण्याचा नेम परत सुरू झाला. त्यात उपासाच्या दिवसांत लग्नं लागत नाहीत, त्यामुळे ईस्टरनंतर त्यांचा धडाका असतो. कॉस्मसच्या भावाच्या मुलीचं, निकोलचं ब्रायनशी लग्न मेमध्ये निघालं. आदल्या दिवशी बँड वाजवत विहिरीचं पाणी आणायला जायची रीत आहे. विहीर टॉवरच्या पार्किंगखाली गेली, म्हणून पाण्याचे विकतचे कॅन गेटवर उभे केले होते आणि बायका त्यांच्याभोवती नाचल्या. ग्रेसने नवे, टाचेचे बूट घातले होते. कॉस्मसनेच हौसेने मागवलेले, तेही ॲपवरून. जेवणावर जेवणं झाली, केक झाला, बाटल्या फुटल्या. कॉस्मस तिच्याबरोबर तासभर नाचला. त्याला ती पाटीवाली ग्रेस आठवत होती.

घरी येऊन त्याने तिच्या पायातले बूट काढले. उजव्या बुटाचा तळ लाल झाला होता. तिला काहीच कळलं नव्हतं.

जूनमध्ये अंगठा गेला. जुलैत पाऊल. विष वर चढत होतं, डॉक्टर त्याच्यामागे धावत होते. ॲनेट मुलुंडहून रोज हॉस्पिटलमध्ये यायची. बापाशी एक शब्द बोलायची नाही, आईचे केस विंचरायची आणि जायची.

एका दुपारी डॉक्टरबाईंनी कॉस्मसला बाहेर बोलावून सांगितलं की आता फारसं काही करता येणार नाही, त्यांना हवं ते खाऊ द्या. कॉस्मस आत आला, ग्रेसच्या उशाशी बसला. रडू दाबत म्हणाला, "ग्रेस, क्रीमरोल आणू? खाली बेकरी आहे. आत्ता आणतो."

ग्रेसने डोळे उघडले. म्हणाली, "नको रे."

"अगो, डॉक्टर हो म्हणाल्यात."

"मना नाय आवडत," ती म्हणाली. आजारात तिला घरातली जुनी बोलीच सुचत होती. "कधीच नाय आवडला. त्या पहिल्या वेळी तेवढा बरा लागला. पोर गेलं होतं, तोंड कडू झालं होतं. मग तू रोज आणायला लागलास. दारातून येताना तुझं तोंड असं फुलायचं ना... कसं सांगू तुला? गावाला शिव्या दिल्या मी, पण तुला नाय म्हणायला जीभ उचलली नाय. उपासात बरं वाटायचं. देवाचं नाव सांगितलं की तू ऐकायचास."

ईस्टरच्या सकाळची तिची ती नजर कॉस्मससमोर उभी राहिली. तो तिला आनंद समजला होता.

"तू विचारलंच नाय कधी," ग्रेस म्हणाली. आणि त्याचा हात हातात घेऊन थोपटत राहिली, जसं काही आजारी तो होता.

सोळा दिवसांनी ती गेली. गावठाणातले सगळे खाली उतरले. पेटीला खांदा द्यायला चार धडधाकट पुरुष गोळा करताना नाकी नऊ आले. कोणाचा गुडघा, कोणाची अँजिओप्लास्टी. शेवटी पेटीपुढे वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी हात लावला.

ह्या वर्षी राखेच्या बुधवारी कॉस्मसने काही सोडलं नाही. सोडण्यासारखं घरात राहिलंच नव्हतं. माळ्यावरची खापरी त्याने खाली काढली आहे. भाकरी त्याला जमत नाही, कडा फाटतात, तशीच खातो. ॲनेट आता रविवारी येते. बोलते, कमीच.

ईस्टरच्या सकाळी निकोल मार्झिपानची बशी घेऊन आली. दुसऱ्या हातात भला मोठा प्लास्टिकचा पेला होता, वर क्रीमचा डोंगर असलेली थंड कॉफी. कॉस्मसने बशी घेतली, बाजूला ठेवली आणि पेल्याकडे बघत राहिला.

"आवडते का गो तुला?" त्याने विचारलं.

निकोल हसली. "कसलं काय काका! इतकं गोड की दात दुखतात. पण ब्रायन रोज संध्याकाळी मागवतो ना माझ्यासाठी, आज सुट्टी म्हणून सकाळीच. एवढ्या प्रेमाने देतो, नाही कसं म्हणायचं?"

कॉस्मसने तिच्या हातातून पेला काढून घेतला. इतक्या झटक्यात की कॉफी जमिनीवर सांडली.

"फोन लाव त्याला," तो म्हणाला.

"काका, काय झालं? रागावलात?"

"लाव गो फोन. सांग त्याला, मला नाही आवडत म्हणून. माझ्यासमोर सांग." तो दारात आडवा उभा राहिला. "सांगितल्याशिवाय मी तुला जाऊ देणार नाही."