नवसागर नव्हता

पंचनाम्यातला एक शब्द मी स्वतः चुकीचा लिहिला, म्हणून ती घटना आजही आठवते.

किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. काजूचा हंगाम होता. सकाळची हजेरी चालू असताना फोन आला. बाईचा आवाज. "हर्णेच्या अलीकडं, मोहल्ल्यामागच्या शेडमध्ये बोंडूची दारू गाळतायत. लवकर या." नाव विचारताच फोन बंद.

दुपारी दोन पंच घेऊन छापा घातला. काजूच्या बोंडांचा आंबलेला रस, तांब्याची नळी, दोन भरलेल्या बाटल्या आणि पांढऱ्या खड्यांचा बंद डबा. हातभट्टीवर रसात टाकायला नवसागर असतोच. मी डबा नीट पाहिलाही नाही, 'नवसागर' असं लिहून मोकळा झालो.

शेडचा मालक आखातातल्या तेल कारखान्यात उमेदीची वर्षं काढून परतलेला. त्याला जीपमध्ये बसवताना बायको दारात उभी होती. तिनं मान वर केली नाही.

"किती विकलीस?" मी ठाण्यात विचारलं.

"विकली नाही. पीत नाही. पेट्रोल बनवत होतो, साहेब."

सगळे हसले. "मग आमच्या जीपचं बघ की जरा," एक शिपाई म्हणाला.

तो शांतपणे सांगत राहिला. रसातून अल्कोहोल काढायचं. त्याची वाफ तापलेल्या खड्यांवरून न्यायची. खडे अल्कोहोल मोडून त्यातलं पाणी वेगळं करतात, उरतं ते पेट्रोलसारखं तेल. कारखान्यात असेच खडे वापरतात. बागेत कुजणाऱ्या बोंडांवर भावाची होडी चालवायची होती.

"घरात का नाही बोललास?"

"होडी चालवूनच दाखवणार होतो. आता बायको माझ्याशी बोलत नाही. कोठडीत ठेवा, पण कागदावर दारू लिहू नका. सरकारी कागद तिला खरा वाटेल."

"फोन कुणी केला असेल? कुणाशी वैर?"

यावर तो गप्प. कितीही खोदून विचारलं तरी गप्पच. माझा संशय वाढला.

हातभट्ट्या फोडण्यात केस पांढरे झालेले आमचे हवालदार जवळ आले. शेडमध्ये सांडलेले चार खडे त्यांनी कागदात बांधून आणले होते. ते त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले आणि वर पाण्याचे थेंब सोडले.

"सायेब, नवसागर विरघळतो, हाताला गार लागतो. हे बघा."

खडे विरघळले नाहीत. तळहात चक्क तापला.

मी त्याच वेळी स्टेशन डायरीत माझी चूक नोंदवली आणि नमुने प्रयोगशाळेकडे पाठवले. एका बाटलीत अल्कोहोल निघालं, दुसरीत पेट्रोलच्या जातीचं तेल. विनापरवाना अल्कोहोल काढल्याचा गुन्हा उरलाच. तो त्यानं कबूल केला, कोर्टानं दंड केला. दारूविक्रीचं कलम मात्र गेलं. फेकून दिलेल्या फळातून काही घडवू पाहणाऱ्याला आपण आधी भट्टीवाला ठरवतो, याची लाज मला वाटली पाहिजे होती, आणि वाटली.

अहवाल आला त्या दिवशी नवराबायकोला बोलावून मी तो वाचून दाखवला.

"म्हणजे दारू विकायला नव्हती?" बायकोनं विचारलं. आवाज मी ओळखला. तिलाही ते कळलं. "साहेब, फोन कुणी केला ते यांना सांगणार?"

"खबर देणाऱ्याचं नाव आम्ही सांगत नाही."

"नका सांगू," नवरा म्हणाला. "मी बिघडेन म्हणून एवढं घाबरणारं मोहल्ल्यात दुसरं कोण आहे?"

ती पदर तोंडाला लावून रडली. तो तिच्याकडे न बघता बाकावर थोडा सरकला, तिला बसायला जागा केली.

गप्प बसणारा आरोपी गुन्हाच लपवत असतो, असं मी त्यानंतर कधी धरून चाललो नाही.