आमच्या घरी कोंबडी नव्हती

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. पोरीच्या नाही, जावयाच्या नाही. देवळात देवासमोर बसलो तरी मी मुद्दाम दुसऱ्याच गोष्टी काढायचो — पाऊस, गुडघे, जावयाची नोकरी. देवही बिचारा ऐकून घ्यायचा. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

मी लोहार. जिते गावाच्या अलीकडे रस्त्याला लागून माझी भट्टी आहे. शाळा चौथीपर्यंत, त्यातली चौथी दोनदा, तेव्हा लिहिण्यात चुका सापडतील. जन्मभर विळे, कोयते आणि छिन्न्या केल्या. पेणपासून वडखळपर्यंत कुठल्याही शेतकऱ्याच्या पडवीत जा, कुडाला खोचलेला विळा काढून बघा — बहुतेक माझाच निघेल. लोक म्हणायचे, या लोहाराच्या हाताला पाणी आहे. मी मान हलवायचो. मान हलवायला काय लागतं?

पाणी म्हणजे काय, ते आधी सांगतो. लोखंड ठोकून आकार कुणीही देईल. म्हशीला शिकवलं तर म्हैसही देईल. खरं काम त्यानंतर. पातं लाल करून धार पाण्यात बुडवायची, मग विटेच्या तुकड्यानं घासून उजळ करायची. मागच्या लोखंडात राहिलेली ऊब हळूहळू धारेकडे सरकते आणि पात्यावर रंग धावायला लागतात. आधी पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. बघता बघता येतात नि जातात. जांभळा धारेला टेकला की त्याच क्षणी पुन्हा बुडवायचं. याला आम्ही पाणी देणं म्हणतो. आधी बुडवलं तर धार काचेसारखी तुटते. उशीर झाला, निळ्यावर गेलं, तर वळते. सगळी लोहारकी त्या एका जांभळ्यात आहे.

आणि मला जांभळा दिसत नाही.

झालं, सांगितलं. पण थांबा — कबूल करायचं आहे ते हे नव्हे. हे डोळ्यांचं झालं. डोळे देवानं दिले, त्यांचा गुन्हा मी का म्हणून घेऊ? पिवळा मला दिसतो, निळा दिसतो. मधलं सगळं चिखल. जांभळा मला निळाच, हिरवा नि तपकिरी सख्खे भाऊ. तरुणपणी हमरापूरला मामेभावाच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतीच्या घाईत हात लावायला गेलो होतो. त्यानं ब्रश दिला. मी गणपतीचा उंदीर रंगवला — हिरवागार. गिऱ्हाईक म्हणालं, "उंदीर शेवाळात पडला होता काय रे?" मी म्हटलं, दिवा मंद होता. पहिलं खोटं ते. तिथून सवय लागली.

बा होता तोवर पाणी तोच द्यायचा. मी घण मारायचो. बा गेला आणि त्या हंगामात माझे विळे परत यायला लागले. कुणाचा तुटका, कुणाचा वाकडा. एकानं तर वाकलेला विळा कानाला अडकवून दाखवला — "लोहार, तुझ्या बायकोला झुमका कर." बायको भात्यावर बसली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

तिचं नाव भागी. त्याआधी मी पेणच्या बाजारातून तिला हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. त्या तपकिरी निघाल्या. तेव्हा तिला वाटलं, नवऱ्याला कुणीतरी फसवलं. पण झुमक्याच्या त्या दिवशी, गिऱ्हाईक गेल्यावर, तिनं सुपात मिरच्या घेतल्या, ओल्या हिरव्या नि पिकलेल्या लाल, आणि माझ्यासमोर ठेवल्या.

"निवडा," म्हणाली.

मी चिडलो. म्हटलं, हे काय बाप्याचं काम आहे? ती सूप धरून तशीच उभी. मी निवडल्या. तिनं दोन्ही ढीग पाहिले, आणि मग जी हसायला लागली ती खालीच बसली. "अवो, तुम्हाला दिसत नाय! मंग सांगायचं ना! मी बघते, तुम्ही बुडवा. हाय काय त्यात?"

हाय काय त्यात! एवढं सोपं करून टाकलं तिनं.

दोघंच असलो की ती सरळ सांगायची — "पेंढा झाला... आता चिंच... आता जांभूळ, बुडवा!" पण गिऱ्हाईक समोर बसलं की कसं सांगणार? लोहाराला बायको शिकवते म्हटल्यावर कोण येईल माझ्याकडे? हे असं मी म्हणायचो. तेव्हा तिनंच युक्ती काढली. जांभळा आला की ती भात्यावरून अंगणाकडे हात उडवून ओरडायची — "हुश्श! मेली कोंबडी!" की मी बुडवायचो. गिऱ्हाइकांना वाटायचं, या घराला कोंबड्यांनी फार छळलंय. एक म्हातारी तर तिला अंडी विकत मागायची.

आमच्या घरी एकही कोंबडी नव्हती. कधीच नव्हती.

ते दिवस मजेचे होते, खोटं का बोलू? गिऱ्हाईक गेलं की आम्ही दोघं हसून लोळायचो. "आज तीन वेळा हाकली, पिल्लंबी काढून बसली असंल." विळे परत येणं थांबलं. लांबून माणसं यायला लागली. आणि हाताला पाणी आहे हे लोक म्हणायला लागले — माझ्या हाताला.

आता रोह्याचं. तिकडेच यायचं होतं, उगाच मिरच्या निवडत बसलो.

रोह्याच्या एका कंपनीतले फिटर माझ्या छिन्न्या न्यायचे. तिथल्या साहेबाला त्या आवडल्या. म्हणाला, आमच्या शिकाऊ पोरांना पाणी कसं देतात ते दाखवा, तुमचा सत्कार करू. मी भागीला घेऊन निघालो. म्हटलं, भट्टीला वारा घालायला माझं माणूस लागतं. जित्याला रेल्वेगाडीत बसलो. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, फडक्यात भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी. सगळा डबा वास घेत होता.

कंपनीतलं वर्कशॉप म्हणजे काय! फरशी अशी की तिच्यावर जेवावं. लेथवरून लोखंडाचे गुंडाळलेले लांब कीस पडत होते. भागीनं एक उचलला — "वेणीत माळायला बरा हाय." पोरं हसली, तीही हसली. मग साहेब म्हणाला, "मावशी, तुम्ही बाहेर बसा, चहा घ्या. इथं विजेचा पंखा आहे वाऱ्याला."

ती माझ्याकडे बघत बाहेर गेली.

पहिली छिन्नी मी एकट्यानं केली. रंग धावले, मला सगळा चिखल दिसला, अंदाजानं बुडवली. साहेबानं ती लोखंडी पट्टीवर धरून हातोडा मारला. टोक उडून कुठं गेलं ते सापडलंच नाही. मी सांडशी खाली ठेवली. म्हटलं, "विजेच्या वाऱ्यात दोष हाय. माझ्या माणसाला बोलवा, तिच्या हातचा वारा लागतो."

पंखा बंद केला, हातानं फिरवायचा पंखा कुठूनतरी आणला, भागी आली. दुसरी छिन्नी लाल केली, टोक बुडवलं, घासलं. सगळी पोरं भोवती वाकून बघतायत. साहेब खांद्याशी. रंग धावायला लागले. तिला उघड सांगता येत नव्हतं, आणि तिथं ना अंगण ना उकिरडा. मी तिच्याकडे बघितलं. ती काय करणार होती, सांगा?

"हुश्श! मेली कोंबडी!"

त्या लखलखीत फरशीवर हात उडवून तिनं कोंबडी हाकली. मी बुडवली.

मग जो हशा पिकला! एक पोरगा म्हणाला, "मावशी, कोंबडी तिकीट काढून आली काय रोह्याला?" साहेब डोळे पुसत होता. भागी पदर तोंडावर धरून "सवय हो बाबा, सवय" म्हणत खाली बघत राहिली.

तिथंच एक वाक्य पुरेसं होतं. छिन्नी माझ्या हातात होती, सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे होतं. म्हणायचं होतं — बाबांनो, पाणी ही देते. बस. पोरं शिकायला आली होती, खरं शिकली असती.

मी हसलो. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलो. आणि म्हणालो, "दिवसभर कोंबड्यांच्या मागं असते. कोंबडीएवढीच अक्कल राहिलीय तिला."

हे ते. हेच मी कुणाला सांगितलं नव्हतं.

छिन्नीनं पट्टी सुरीनं केळं कापावं तशी कापली. टाळ्या पडल्या. माझ्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. भागीनं पण टाळ्या वाजवल्या. मी बघितलं.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. नागोठण्यापर्यंत बाहेर बघत होती. मग तिनं फडकं सोडलं, भाकरीचा मोठा तुकडा मला दिला आणि हसून म्हणाली, "अवो, आता एक तरी कोंबडी आणा घरी. खोटी किती दिवस हाकू?"

मी म्हटलं, आणतो.

आणली नाही. पेणच्या बाजारात कोंबड्यांच्या टोपल्यांवरून दर खेपेला जायचो आणि पुढं जायचो. का आणली नाही? कारण एकच, मी आणली नाही. शालीची तिनं चौघडी घालून भात्याच्या फळीवर बसायला आसन केलं. त्यावर बसून पुढची सगळी वर्षं नसलेली कोंबडी हाकली. रोह्याचं नाव पुन्हा काढलं नाही. तिच्या हसण्यात काही कमी झालं असेल तर मला कळलं नाही. रंग ओळखायला मी कच्चाच.

गेल्या साली ती गेली. शेवटी तापात होती. एकदा हात उडवून "हुश्श" म्हणाली, तर माझा हात आपोआप बाजूला सांडशी शोधायला गेला. पोरगी म्हणाली, आईला भास होतायत. मी म्हटलं, व्हय.

परवा वर्षश्राद्धाला हिरू पाटील आला. खाडीकडचा, जुनं गिऱ्हाईक. पंगतीत सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, "ह्या लोहारासारखं पाणी तालुक्यात कुणाला नाय. वयनी नशीबवान गो, असा कारागीर दादला मिळाला." आणि मी? मी वडा खात होतो. मान हलवली.

जाताना हिरूनं विळा ठेवला, पाणी द्यायला. ती गेल्यापासून मी सगळी कामं परत पाठवतोय, खांदा धरलाय म्हणून सांगतोय. पोरीनं तेल आणलं, जावयानं डॉक्टर दाखवला. तेल छान आहे, भाजीला घातलं असतं. खांद्याला काही झालेलं नाही.

काल भट्टी पेटवली. विळा लाल केला, बुडवला, घासला, धरला. रंग आले असतील. मी वाट बघत राहिलो. शालीचं आसन फळीवर तसंच आहे. अंगणात खरोखर एक कोंबडी आली, शेजाऱ्यांची, लाल की तपकिरी कोण जाणे. माती उकरत बसली. तिला कुणी हाकलं नाही. मला एकट्यालाच हसू आलं, बराच वेळ आलं, आणि विळा हातातच निवला. मऊ पडलाय. पेंढाही कापणार नाही.

विळा कोनाड्यात ठेवलाय. हिरू न्यायला येईल तेव्हा खांद्याचं नाव काढणार नाही. तसाच त्याच्या हातात देईन आणि सांगेन, पाणी देणारी गेली.