हँग ऑन, हँग अप आणि मी

माझ्या धाकट्या बहिणीची नोकरी मी एकाच सकाळी दोनदा घालवली.

गोष्ट दोन हजार तीन-चारची. सुजाता दोन वर्षं अर्ज करून थकली होती. शेवटी कागल एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं फोनवर मुलाखत ठेवली. परदेशी गिऱ्हाइकांशी बोलायचं काम, आणि साहेब चेन्नईचा, मराठीचा गंध नाही! अकराचा फोन साडेदहालाच वाजला. सुजाता न्हाणीत. पण घाबरायचं कारण नव्हतं. घरात मी होतो! (शाहूपुरीतल्या क्लासात तीन महिने इंग्रजी शिकलेला.)

"सुजाता इज माय सिस्टर!" मी ठणकावलं.

"ओके, हँग ऑन," साहेब म्हणाला.

हँग म्हणजे टांगणे. आमचा फोन भिंतीवरच होता. टांगला!

पुन्हा घंटी. "हँग ऑन, प्लीज!" प्लीज म्हटल्यावर मी अदबीनं टांगला.

"कुणाचा फोन हाय रं?" खाटेवरून आमच्या आबांनी विचारलं.

"साहेबाचा."

"मग ठेवतोस कशाला?"

"त्योच ठेव म्हणतोय की!"

तिसऱ्यांदा साहेब ओरडलाच, "डोन्ट हँग अप!"

अप म्हणजे वर. वर टांगू नको म्हणतोय, म्हणजे खाली! मी रिसीव्हर खाली सोडला. तो वायरीला लोंबकळत गरागरा फिरू लागला, आणि आतून साहेब, "हॅलो? हॅलो?"

ओल्या केसांनी सुजाता धावत आली.

"दादा, काय केलंस ह्ये? हँग ऑन म्हणजे जरा थांबा! हँग अप म्हणजे फोन ठेवणं!"

"दोन्हीत टांगायचंच हाय की!"

तिचे डोळे भरले. तिनं रिसीव्हर उचलला आणि घडलं ते सगळं साध्या इंग्रजीत सांगून टाकलं. पलीकडं असं हसू फुटलं की आबांना खाटेवर ऐकू गेलं!

"काय म्हणाला?" फोन ठेवल्यावर मी चोरासारखं विचारलं.

"म्हणाले, गिऱ्हाइकांचं बोलणं आमच्याकडं बी लोक असंच उलटं समजतात. गोंधळ निस्तरणारं माणूस पायजेच होतं. सोमवारी बोलावलंय!"

नोकरी लागली. पेढे वाटताना ती सगळा किस्सा कौतुकानं सांगत सुटली, "दादामुळंच लागली!" माझी छाती फुगली. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी पेढा तोंडात टाकत विचारलं,

"आमच्या पोरीला बी उद्या फोन यायचाय. तेवढा दोनदा आपटायला येशील काय रं?"